साहेबांच्या नावाचा भंडारा

साहेबांनी उडी मारली आणि भागवतला ते कळलं हळदीच्या कुकरपाशी.

फेब्रुवारी संपत आलेला. कुरुंद्याकडून आत वळलं की लागणाऱ्या लोहगव्हाणात घरोघरी हळद शिजत होती. भागवत शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरत होता, तेवढ्यात खिशातला फोन थरथरायला लागला. थांबेचना. त्यानं पिवळेधमक हात पँटीला पुसले आणि फोन काढला. बघतो तर काय, आमदार विश्वंभरराव मुंबईच्या कुठल्याशा भारी हॉलमध्ये उभे, गळ्यात पक्षाची नवी दस्ती, म्हणजे उपरणं, तोंडभर हसू आणि हातात शोभेचं चकचकीत जहाज. खाली लिहिलेलं, ‘जनतेच्या आग्रहाखातर’.

कोणत्या जनतेच्या? लोहगव्हाणातली जनता तर पहाटेपासून हळद उकडून राहिली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनं काही आग्रहबिग्रह धरला नव्हता. साहेब निवडून आले होते कपाटावर. कपाट म्हणजे त्यांच्या आधीच्या पक्षाचं चिन्ह. आता ते जहाजात जाऊन बसले. ज्या मुलखात बापजन्मी कुणी जहाज पाहिलं नाही, त्या मुलखात आता जहाज चालणार होतं. बरं, आमदारानं पक्ष बदलला म्हणून कुणी छाती बडवावी असे दिवस आता राहिलेत का? आभाळ भरून आलं की वर बघावं, गेलं की खाली बघावं, तसं लोक बघतात आणि कामाला लागतात.

पण भागवतचं तसं नव्हतं. तो ताडपत्रीच्या कडेला मटकन बसला. त्याची बायको शालूबाई घमेलं घेऊन आली, तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं, फोनमधलं जहाज पाहिलं आणि घमेलं खाली ठेवलं.

“अगं बाई,” ती म्हणाली. “मंग तुमच्या भंडाऱ्याचं काय?”

आता हे भंडाऱ्याचं सांगायला पाहिजे, नाही तर पुढचं काही कळायचं नाही.

मागच्या निवडणुकीच्या वेळी गाव अगदी वैतागलं होतं. एकानं ओढ्यावर पूल देतो म्हणून मतं नेली आणि निवडून आल्यावर पक्ष बदलला. दुसऱ्यानं रस्ता देतो म्हणून मतं नेली, त्यानंही तेच केलं. पूल नाही, रस्ता नाही आणि ज्याला मत दिलं तोही जागेवर नाही. तेव्हा खंडोबाच्या पारावर गाव बसलं आणि माणिकतात्या बोलले. माणिकराव म्हणजे गावातलं सगळ्यात वडीलधारं माणूस, देवाची पूजा त्यांच्याच घराकडं. ते म्हणाले, “औंदा पूल नको, रस्ता नको, सभामंडप नको. मागून मागून तोंड दुखलं. एकच मागायचं. ज्या चिन्हावर आमी मत देतो त्या चिन्हावर पाच वर्षं बूड टेकून बस. एवढाच बेलभंडारा उचल आन् सगळं गाव घेऊन जा.”

गावाला हे असं पटलं म्हणता! हसता हसता लोकांनी टाळ्या पिटल्या. बेलभंडारा उचलायचा म्हणजे देवापुढं उभं राहून तळहातावर बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घ्यायचा आणि शब्द बोलायचा. त्या शब्दाला मग कुणी पुरावा मागत नाही. शेताच्या बांधावरची भांडणं या गावात अशीच मिटलेली आहेत.

भागवत साहेबांचा इथला माणूस. सतरंज्या टाकण्यापासून माणसं गोळा करण्यापर्यंत सगळं त्याच्याकडं. त्यानं पारावरूनच साहेबांना फोन लावला. साहेब हट्टा गावच्या सभेत. मागं भोंग्यांचा कलकलाट. साहेब म्हणाले, “अरे, मग तूच उचल ना माझ्या नावानं! तू आणि मी काय वेगळे आहोत का भागवत?”

तू आणि मी काय वेगळे आहोत का. एवढ्या एका वाक्यानं गड्याची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटायची बाकी राहिली. गावाच्या चालीत हे बसत होतं. दुसऱ्याच्या नावानं उचलता येतं, फक्त ज्याच्या नावानं उचलला त्यानं पुढं कधीतरी येऊन देवापुढच्या भंडाऱ्याला हात लावून जायचं. तोवर त्या शब्दाचं ओझं उचलणाऱ्याच्या हातावर. भागवत फोनवर हो म्हणाला आणि त्यानं ऐटीत उचलला. भंडाराही त्याच्याच रानातल्या हळदीचा. साहेब भरघोस मतांनी निवडून आले, गुलाल खेळले, मिरवणूक मोठ्या रस्त्यानं सरळ निघून गेली. लोहगव्हाण आत पडतं. साहेब काही आले नाहीत. आज येतील, उद्या येतील, करता करता ते जहाजातच बसले.

आणि येत्या रविवारी भागवतच्या लेकीची, प्रतिक्षाची, सुपारी फुटायची होती, म्हणजे गावासमोर सोयरीक पक्की व्हायची होती.

संध्याकाळी भागवत माणिकतात्यांच्या ओसरीवर गेला. तात्या वाती वळत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“तात्या, उडी त्यांनी मारली. माझा काय गुन्हा?”

“हात कुणाचा होता?”

“माझा.”

“साहेबांनी उचल म्हणलं ते कुणी ऐकलं?”

“मीच,” भागवत म्हणाला. फोन त्याच्या एकट्याच्या कानाला होता.

तात्यांनी वाती बाजूला ठेवल्या. “हे बघ, मी काही तुझा दुश्मन न्हाई. प्रतिक्षा माझ्या ओसरीवर रांगली हाय. पण सुपारीच्या जाजमावर गाव बसतं म्हणजे काय करतं? पाव्हण्यांना सांगतं की ह्या माणसाच्या शब्दाला आमी जामीन हाव. देवापुढचा शब्द खोटा पडलेला माणूस, आन् त्याला मी जामीन! कोणत्या तोंडानं बसू? मी न्हाई बसलो तर गाव बसणार न्हाई. तुला ठाऊक हाय.”

ठाऊक होतं. गावाशिवाय सुपारी म्हणजे पोरीच्या नावाला कायमचा बट्टा. पाव्हणे विचारणारच, तुमचं गाव काहून आलं न्हाई? काय सांगायचं?

“मंग ह्याच्यातून सुटायचं कसं, तात्या?”

“साहेबानं देवळात यावं. भंडाऱ्याला हात लावावा आन् म्हणावं, शब्द माझा होता, मी मोडला. बास. दंड न्हाई, गावजेवण न्हाई. तुझा हात मोकळा आन् मी सगळ्यात आधी येऊन जाजमावर बसतो.” तात्या जरा थांबले. “आणखी एक वाट हाय. ते वाक्य तू बोल. शब्द माझा होता, मी मोडला. पण मंग पुन्हा त्या माणसाच्या सावलीला उभं राहता येणार न्हाई. त्याची दस्ती नको, त्याचं आवतण नको, त्याला तुझ्या दारात बसणं नको. ते तुला झेपायचं न्हाई.”

खरंच झेपणारं नव्हतं. प्रतिक्षाला सांगून आलेला मुलगा अनिरुद्ध, हट्ट्याच्या रामप्रसाद पाटलांचा, साहेबांच्याच संस्थेच्या शाळेत मास्तर होता आणि अजून कायम झालेला नव्हता. साहेबांशी तोडायचं म्हणजे व्याह्यांच्या ताटात माती कालवायची. तेव्हा उरली एकच वाट. साहेबांना देवळात आणायचं आणि पाच शब्द बोलायला लावायचे. पाच शब्द! जो माणूस माईक दिसला की तासभर खाली ठेवत नाही, त्याला पाच शब्द काय जड आहेत, असं भागवतला वाटलं. भोळा बिचारा.

दुसऱ्या दिवशी तो वसमतला साहेबांच्या ऑफिसात गेला. बाहेरच्या पाटीवर कपाट खरवडून जहाज काढलं होतं, रंग अजून ओला होता. आत माणसांची ही गर्दी. साहेबांचा पीए संतोष दोन फोन दोन कानांना लावून सगळ्यांना मानेनंच बसा बसा करून राहिला होता. दुपार टळली तेव्हा भागवतचा नंबर लागला.

“ये ये! बोरगव्हाणचा ना तू?” साहेब म्हणाले.

“लोहगव्हाण, साहेब. भागवत.”

“तेच ते. बोल, काय अडचण?”

भागवतनं सांगायला सुरुवात केली. भंडारा, पार, तो फोन, माणिकतात्या. साहेब मान हलवत होते आणि मोबाइलमध्ये बघत होते. मधेच म्हणाले, “हो ना, हो ना, श्रद्धेचा विषय आहे.” मग भागवतच्या तोंडून शब्द निघाला, “रविवारी लेकीची सुपारी हाय, साहेब, अख्खं गाव तोंडाकडं बघून राहिलंय,” आणि साहेबांनी पहिल्यांदा मोबाइल पालथा ठेवला.

“अख्खं गाव येणार सुपारीला?”

“येईल ना साहेब, तुमी आलात तर. आन् हट्ट्याचे पाव्हणे.”

साहेबांनी संतोषकडं पाहिलं. संतोषनं साहेबांकडं पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते भागवतला तेव्हा उमगलं नाही.

“अरे वेड्या, मग आधी नाही का सांगायचं! तुझी लेक ती माझी लेक. येतो म्हणजे येतोच.”

“आधी देवळात, साहेब. तिथं फक्त एक वाक्य...”

“देवळात तर जाणारच. खंडोबा म्हणजे आपलं दैवत! सभामंडप देऊन टाकू. संतोष, बघून घे रे.”

सभामंडप कुणी मागितला होता? पण भागवतला ते ऐकूच गेलं नाही. साहेब येतो म्हणाले, देवळात जाणार म्हणाले, एवढंच त्यानं धरलं. परतताना तो गाडीवर चक्क गाणं गुणगुणत होता. रात्री शालूबाईला म्हणाला, “माणूस मनाचा वाईट न्हाई.” तिनं फक्त खंडोबाच्या फोटोपुढं दिवा लावला.

रविवार उजाडला. अंगणात मांडव पडला, मधोमध मोठं जाजम अंथरलं, त्यावर पाट, पाटावर ताट, ताटात नारळ, कुंकू आणि अखंड सुपारी. मागच्या बाजूला बुंदी आणि भाताच्या पातेल्यांचा धूर. प्रतिक्षा आत साडी नेसत होती. वसमतच्या कॉलेजात शिकलेली पोरगी, बोलायला कमी, पण बापाच्या चेहऱ्यावरची रेघ न् रेघ वाचणारी. तिनं खिडकीतून पाहिलं आणि आईला म्हणाली, “आई, तात्या बसले नाहीत अजून.”

गाव आलं होतं. पण गाव जाजमावर नव्हतं. मांडवाबाहेर लिंबाच्या झाडाखाली सगळे उभे होते, पुरुष इकडं, बाया तिकडं, पुढं काठी टेकून माणिकतात्या. कुणी बसेना. तात्यांनी देवळातून भंडाऱ्याचं ताट आणून लिंबाखालच्या दगडावर ठेवलं होतं. साहेब देवळात आले तर ताट देवळात, नाही तर इथं, पण वाक्य आजच व्हायला पाहिजे.

हट्ट्याचे पाव्हणे आले, हातपाय धुऊन जाजमावर बसले. रामप्रसाद पाटील मोकळ्या स्वभावाचा, लोकांत रमणारा माणूस. त्यांनी चहा घेता घेता मान वळवली.

“भागवतराव, तुमचं गाव उन्हात काहून उभं हाय? बोलवा की.”

“येतेत, येतेत. साहेब येऊन राहिलेत ना, त्यांची वाट बघून राहिलेत,” भागवत म्हणाला. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

“आमदार येऊन राहिलेत?” रामप्रसाद एकदम ताठ बसले, मुलाच्या मांडीवर त्यांनी हात आपटला. “बघ अनिरुद्ध! तुझ्या सुपारीला आमदार! आता तुझं कायमचं काम झालं म्हणून समज.”

अनिरुद्ध लाजून हसला. भागवतला ते हसू बघवलं नाही.

वेळ सरत होती. ऊन मांडवात शिरलं. बुंदीवर माश्या यायला लागल्या. भागवत रस्त्यापर्यंत जायचा, परत यायचा, लिंबाखाली बघायचा, जाजमाकडं बघायचा. तेवढ्यात एक टेम्पो आला आणि त्यातून संतोष उतरला. त्याच्या मागून दोन गठ्ठे उतरले, नव्या कोऱ्या दस्त्यांचे, प्रत्येकीवर जहाज. मग एक लांबलचक फलक उतरला. संतोषच्या माणसांनी कुणाला न विचारता तो सुपारीच्या मांडवाला दोन्ही बाजूंनी ताणून बांधला.

फलकावर साहेबांचा हा एवढा मोठा फोटो. खाली ठळक अक्षरांत: लोहगव्हाण ग्रामस्थांचा भव्य जाहीर पक्षप्रवेश.

भागवत संतोषकडं धावला. “संतोषभाऊ, हे काय? ही माझ्या पोरीची सुपारी हाय!”

“सुपारी होईल की. आधी दहा मिनिटांत प्रवेश उरकू,” संतोष शांतपणे म्हणाला. “मांडव आहे, माणसं आहेत, जेवण आहे. साहेबांना वेगळा कार्यक्रम कशाला लावायचा? तूच तर म्हणालास अख्खं गाव येणार.”

“आन् देऊळ?”

“कसलं देऊळ?”

भागवतनं लिंबाकडं पाहिलं. वाचता येणारी माणसं न येणाऱ्यांना फलक वाचून दाखवत होती. माणिकतात्यांनी ऐकलं, मान एकदा हलवली आणि काठीवरचा हात बदलला. गेले नाहीत. अजून गेले नाहीत.

मग गाड्या आल्या. धुरळा, दारांचे धाडधाड आवाज, घोषणा. साहेब उतरले, हात जोडले ते सगळ्यांना एकदमच, कुणाकडंही न बघता. फोटोवाला उलट्या पावलांनी त्यांच्यापुढं चालत होता. देऊळ डाव्या हाताला होतं, साहेब उजवीकडं वळले आणि थेट जाजमावर, पाटाच्या शेजारी, मांडी घालून बसले. रामप्रसाद धावत पुढं आले आणि साहेबांच्या पायाला हात लावायला वाकले.

“कुठे आहे बोरगव्हाणचा आपला वाघ?” साहेबांनी हाक मारली. संतोषनं कानात काहीतरी सांगितलं. “भागवत! ये इकडं!” आणि भागवत जवळ जाताच साहेबांनी गठ्ठ्यातली एक दस्ती झटकली आणि त्याच्या गळ्यात घातली. फोटो निघाला. मागं लिंबाखालचं गाव सगळं फोटोत आलं.

त्याच वेळी माणिकतात्या वळले. काठी टेकत एक पाऊल पुढं टाकलं, घराच्या दिशेनं. त्यांच्या मागं दुसरं माणूस वळलं. बाया पदर सावरून वळायला लागल्या. गाव निघालं होतं. खिडकीत प्रतिक्षा उभी होती.

भागवतला काय झालं कुणास ठाऊक. आयुष्यभर साहेबांपुढं कमरेत वाकलेला माणूस, तो लिंबाकडं धावला, दगडावरचं भंडाऱ्याचं ताट उचललं आणि जाजमाशी आणून साहेबांपुढं धरलं.

“साहेब, एक वाक्य बोला. माझ्या पोरीसाठी बोला. शब्द माझा होता, मी मोडला. एवढंच. गाव बसंल.”

निघालेलं गाव थबकलं. साहेबांनी ताटाकडं पाहिलं, हसून चिमूटभर भंडारा उचलला, कपाळाला लावला, उरलेला वर उधळला आणि जोरात म्हणाले, “येळकोट येळकोट!” फोटो निघाला. गावातून कुणी साथ दिली नाही.

“ते न्हाई, साहेब,” भागवत म्हणाला. “तुमच्या नावानं मी भंडारा उचलला होता. कपाटावरून हलणार न्हाई म्हणून. तुमी फोनवर म्हणलात, तूच उचल.”

आता साहेबांचं हसू जरा आवळलं. फोटोवाला चित्रीकरण करत होता. हट्ट्याचे पाव्हणे ऐकत होते. साहेबांनी भागवतच्या खांद्यावर हात ठेवला आणि गावाकडं बघून, समजुतीच्या सुरात, लहान मुलाची चूक पोटात घालावी तसं म्हणाले, “हे बघा, कार्यकर्ते असतात, उत्साहाच्या भरात काहीतरी करून बसतात. मी काही याला असं उचल वगैरे म्हणालो नव्हतो. पण जाऊ द्या, आपलाच माणूस आहे. मी पक्ष बदलला तो तुमच्या विकासासाठी...”

म्हणालो नव्हतो.

भागवतच्या कानात ते शब्द भोंग्यासारखे घुमले. तू आणि मी काय वेगळे आहोत का, असं विचारणारा तोच आवाज. आधी राग आला. आणि रागाच्या मागोमाग लाज आली. ह्या माणसासाठी आपण देवापुढं हात पुढं केला? त्यानं गावाकडं पाहिलं. तात्या काठीवर दोन्ही हात ठेवून त्याच्याकडंच बघत होते.

त्यानं हातातलं ताट जाजमावर ठेवलं आणि गळ्यातली दस्ती काढली. नीट घडी घातली आणि संतोषच्या हातात दिली. मग ताटातलं बेलाचं पान आणि भंडारा तळहातावर घेतला. हळदीच्या दिवसांत त्याचे हात तसेही पिवळेच होते.

“बराबर हाय,” तो मोठ्यानं म्हणाला. “साहेब म्हणलेच न्हाईत. मीच ऐकलं. तवा शब्द माझा होता, मी मोडला.” त्यानं भंडारा कपाळाला लावला. मग साहेबांकडं वळला. “आन् ज्याचा शब्दच न्हाई त्याचं ह्या जाजमावर काय काम? उठा, साहेब.”

“काय म्हणालास?”

“उठा म्हणलं. तुमी बसलात तोवर माझं गाव बसणार न्हाई.”

मागं भाताखालचा जाळ तडतडत होता तेवढाच आवाज. साहेब उठले. चेहरा तांबडालाल. त्यांनी भागवतकडं पाहिलंच नाही, पाहिलं ते अनिरुद्धकडं, अगदी क्षणभर, आणि म्हणाले, “तुम्ही आपल्याच शाळेत ना, मास्तर?” बस, एवढंच. उत्तराची वाट न बघता ते गाडीकडं गेले. संतोषनं फलक सोडला नाही, दस्त्या मात्र मोजून गोळा केल्या. गाड्या गेल्या.

रामप्रसाद पाटील उभेच होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“भागवतराव, हे काय करून बसलात? माझ्या पोराची भाकर त्यांच्या हातात हाय.”

“ठाऊक हाय, पाव्हणं.”

“ठाऊक हाय? आन् तरी?”

भागवत काय सांगणार? रामप्रसाद चिडले नाहीत, तेच वाईट वाटलं. ते हात जोडून म्हणाले, “पोरगी लाखात एक हाय तुमची. पण आमाला माफ करा. आमची तेवढी छाती न्हाई.” पाव्हणे उठले. अनिरुद्धनं एकदा घराच्या दाराकडं पाहिलं, मग खाली मान घालून बूट घातले. रामप्रसादांच्या बायकोला, कमलबाईंना, साडीची पिशवी ठेवावी की न्यावी ते कळेना. त्यांनी ती खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि डोळ्याला पदर लावून निघाल्या. त्यांची जीपगाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली.

भागवत रिकाम्या जाजमाच्या कडेला उभा राहिला. पाटावरच्या ताटात सुपारी अखंड होती.

तेव्हा माणिकतात्या आले. मांडवाच्या तोंडाशी त्यांनी चपला काढल्या, काठी आडवी ठेवली आणि गुडघे धरत जाजमावर, पाटासमोर, बसले. त्यांच्या मागून सगळे आले. पुरुष आले, बाया आल्या, कुणाशी बोलत नसलेले भाऊभाऊसुद्धा शेजारी शेजारी बसले. जाजम पुरलं नाही, लोक मातीवर बसले. सगळं गाव बसलं. समोर व्याह्यांची जागा तेवढी रिकामी होती आणि तिथं बसायला कुणाचं धाडस होईना.

“बसलो रे, भागवत,” तात्या म्हणाले. “उशीर केला आमी.”

भागवत ओक्साबोक्शी रडला. शालूबाई दारात उभी राहून रडली. कुणी त्यांना उगी उगी म्हटलं नाही.

इतक्यात चार-दोन खिशांत फोन वाजले. एकानं काढून पाहिला आणि शेजाऱ्याला दाखवला. साहेबांच्या पानावर फोटो आला होता. भागवतच्या गळ्यात जहाजाची दस्ती, कपाळाला भंडारा लावलेले हसरे साहेब, मागं लिंबाखाली उभं असलेलं सगळं गाव. खाली लिहिलेलं, ‘बोरगव्हाणचे समस्त ग्रामस्थ आज आमच्या परिवारात सामील’.

“काय हाय रे ते?” तात्यांनी विचारलं. त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

“काही न्हाई, तात्या,” तो माणूस म्हणाला आणि फोन खिशात घातला.

मग आतून प्रतिक्षा बाहेर आली. सुपारीसाठी नेसलेली साडी तिनं बदलली नव्हती, फक्त पदर कमरेला खोचला होता आणि हातात बुंदीची परात होती. डोळे लाल, पण आवाज सरळ. “पंगत धरा,” ती म्हणाली. “अन्न तयार आहे, वाया घालवायचं नाही.” लोक घाईघाईनं रांगेत सरकले. ती वाढत वाढत बापापाशी आली. भागवतनं वर पाहिलं.

“माझ्यावर रागावलीस ना, बाई?”

“हो,” प्रतिक्षा म्हणाली. तिनं त्याच्या पत्रावळीवर बुंदी वाढली. “पण आजचा नाही राग. त्या दिवशी पारावर तुम्ही फोनवर हो म्हणालात ना, बाबा, त्या दिवशीचा आहे.”

आणि ती परात घेऊन पुढच्या माणसाकडं सरकली.